दुसऱ्या ट्रॅकपासून

एकेकाळी जिवापाड आवडलेला आणि मग वर्षानुवर्षं बाजूला पडलेला रॉक बँड पुन्हा ऐकावासा वाटला, की बहुतेकजण त्याचा सगळ्यात गाजलेला अल्बम लावतात. तिथेच गडबड होते. तो अल्बम पाठ असतो. पहिल्या दोन सुरांतच कान पुढचं सगळं ओळखून मोकळा होतो आणि ऐकण्याऐवजी नुसती उजळणी होते. त्यापेक्षा त्याच बँडची १९९०च्या दशकातली एखादी सीडी सिंगल, म्हणजे एका मुख्य गाण्यासोबत दोन-तीन जादा गाणी असलेली सीडी, मिळवा, तिच्यावरचं पहिलं, सगळ्यांना माहीत असलेलं गाणं सोडा आणि दुसऱ्या ट्रॅकपासून ऐका. गायक तोच, ड्रमर तोच, वर्षही तेच. पण हे गाणं कानात आधीपासून घर करून बसलेलं नसतं. बँड पुन्हा अनोळखी होतो, म्हणूनच पुन्हा आवडू शकतो.

ही फक्त ऐकण्याची युक्ती असती तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण सिंगलवरचा तो दुसरा, तिसरा, चौथा ट्रॅक आज कोणाच्याच जबाबदारीत नाही. अल्बम कंपनीला विकायचा असतो, म्हणून ती तो जपते. सिंगलवरची बाकीची गाणी कंपनीच्या लेखी खप संपलेला माल आहे, ग्रंथालयाच्या लेखी कधी दारातच न आलेली वस्तू आहे, आणि कायद्याच्या लेखी अजून काही दशकं कुलुपात राहणारी मालमत्ता आहे. माझं म्हणणं असं, की सीडी सिंगल हे स्वतंत्र प्रकाशन आहे. पुस्तक जसं जपलं जातं, नोंदवलं जातं आणि मागितल्यावर वाचायला मिळतं, तसंच सिंगलचंही व्हायला हवं, आणि ते कोणाच्या मर्जीवर न सोडता नियमाने व्हायला हवं.

स्वेड या ब्रिटिश बँडचं उदाहरण घेऊ. त्यांचा पहिला अल्बम मार्च १९९३चा, दुसरा, ‘डॉग मॅन स्टार’, ऑक्टोबर १९९४चा. दोन्ही लागोपाठ ऐकले तर मधे मोठी उडी जाणवते. पहिल्यात उर्मट, चमचमतं गिटार. दुसऱ्यात काळोख, वाद्यवृंद, लांबलचक गाणी. ही उडी कशी घडली ते अल्बमवर नाही. ते आहे फेब्रुवारी १९९४च्या ‘स्टे टुगेदर’ या सिंगलवर. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, तरी दोन्ही अल्बमांपैकी एकावरही तिला जागा मिळाली नाही. मूळ रूपात ते गाणं आठ मिनिटांहून लांब आहे आणि शेवटाकडे थरावर थर चढत जातात. त्याच सिंगलवर ‘द लिव्हिंग डेड’ आहे, जवळजवळ अकूस्टिक गिटार आणि आवाज एवढ्यावरच उभं असलेलं. एका बाजूला सगळं भरून टाकायची ओढ, दुसऱ्या बाजूला सगळं काढून टाकायची. आणि दोन्ही एकाच चकतीवर, अठरा-वीस मिनिटांत. त्या वर्षीच्या जुलैत गिटारवादक बर्नार्ड बटलर बँडमधून बाहेर पडला. हे ठाऊक असून ती सिंगल ऐकली, की ताण नेमका कुठे होता ते कानांनाच कळतं.

यावर कोणी म्हणेल, स्वेडने १९९७ साली ‘साय-फाय ललबाइज’ हा बी-साइडचा, म्हणजे सिंगलवरच्या जादा गाण्यांचा, संग्रह काढलाच की. दोन चकत्या, २७ गाणी. खरं आहे, आणि फार थोड्या बँडना इतकी चांगली वागणूक मिळाली. ओएसिसचा १९९८चा ‘द मास्टरप्लॅन’ हाही तसाच. पण संग्रह म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे वगळणं. स्वेडच्या पहिल्या अल्बमच्या काळातल्या सिंगल्सवरची ‘पेंटेड पीपल’ आणि ‘डॉली’ त्या २७ गाण्यांत नाहीत. ‘युरोप इज अवर प्लेग्राउंड’ आहे, पण ते नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं. १९९६च्या ‘ट्रॅश’ सिंगलवरचं मूळ रूप वेगळं आहे. ज्या बँडने स्वतःच्या बी-साइडवर मनापासून प्रेम केलं त्याच्या बाबतीत हे होतं. मग पाच-सहा सिंगल काढून विरून गेलेल्या बँडांचं काय झालं असेल याचा अंदाज करायला कष्ट पडत नाहीत.

इतकी गाणी सिंगलवर आली कुठून, हे कळलं की त्यांची योग्यताही कळते. ब्रिटनमध्ये एक सिंगल किती प्रकारांत (सीडी, कॅसेट, तबकडी) विकली तर खपाच्या यादीसाठी विक्री एकत्र धरायची, याचे नियम होते. १९९५च्या एप्रिलपासून असे तीनच प्रकार धरले जाऊ लागले, त्याआधी चार. साहजिकच कंपन्या एकच गाणं ‘सीडी १’ आणि ‘सीडी २’ अशा दोन चकत्यांवर काढत आणि प्रत्येकीवर वेगळ्या बी-साइड घालत, म्हणजे चाहता दोन्ही घेणार. रेडिओहेडच्या १९९६च्या ‘स्ट्रीट स्पिरिट’चं असंच आहे. एका चकतीवर ‘टॉक शो होस्ट’ आणि ‘बिशप्स रोब्ज’, दुसरीवर ‘बनाना को’ आणि ‘मोलासिस’. पुढे १९९८मध्ये सिंगलवर जास्तीत जास्त तीन ट्रॅक आणि २० मिनिटं अशी मर्यादा आली. अमेरिकेत गणित उलटं होतं. तिथे बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या मुख्य यादीत यायला गाणं दुकानात सिंगल म्हणून विकायला असावं लागे; ही अट डिसेंबर १९९८मध्ये गेली. तोवर लोकांनी अल्बमच घ्यावा म्हणून तिथल्या कंपन्या कित्येकदा सिंगल काढतच नसत. त्यामुळे अमेरिकन बँडची बी-साइड शोधायची तर अनेकदा ब्रिटिश, जर्मन किंवा जपानी प्रत शोधावी लागते.

म्हणजे नियमाच्या दट्ट्यामुळे बँडला दर तीन महिन्यांनी चार-सहा जादा गाणी द्यावी लागत. त्यात भरती पुष्कळ आली, हे कबूल करायला हवं. कंटाळवाणं रीमिक्स, कुठल्याशा मैफलीतलं कसंबसं उरकलेलं गाणं, मुख्य गाण्याचं नुसतं वाद्यांवरचं रूप, यांनी कितीतरी सिंगल भरलेल्या आहेत. पण याच घाईत, निर्मात्याची आणि कंपनीची नजर दुसरीकडे असताना, बँड स्वतःसाठी वाजवत. ओएसिसचं ‘ॲक्विएस’ हे दोघा भावांनी वाटून गायलेलं गाणं १९९५च्या ‘सम माइट से’वर जोडीला आलं. ‘हाफ द वर्ल्ड अवे’ हे १९९४च्या ‘व्हॉटएव्हर’च्या पाठीवर. पर्ल जॅमचं ‘यलो लेडबेटर’ १९९२च्या ‘जेरेमी’ सिंगलवरचं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मैफली त्या गाण्याने संपत राहिल्या. अल्बमवर न घेतलेलं गाणं म्हणजे टाकाऊ गाणं, हा हिशेब या उदाहरणांपुढे टिकत नाही.

मग अशी कितीतरी गाणी स्ट्रीमिंगवर का नाहीत? आळस हे एक कारण, पण खरी अडचण करारांची. बी-साइड दुसऱ्या कोणाच्या गाण्याचं रूप असेल तर त्या गीतकाराच्या प्रकाशकाशी हिशेब ठेवावा लागतो. बीबीसीच्या रेडिओसाठी मुद्रित झालेलं असेल तर त्या मुद्रणावर बीबीसीचा हक्क. रीमिक्स असेल तर करणाऱ्याशी झालेला करार फक्त त्या सिंगलपुरता असू शकतो. त्यात कंपन्याच विकल्या जातात. ईएमआयचा ध्वनिमुद्रण व्यवसाय २०१२ साली युनिव्हर्सलकडे गेला आणि त्यातलाच पार्लोफोनचा भाग २०१३मध्ये वॉर्नरकडे. अशा प्रत्येक हस्तांतरात टेपांचे खोके तरी मोजले जातात. तिसऱ्या ट्रॅकच्या कराराची चिठ्ठी मोजतं कोण? चार मिनिटांच्या एका गाण्यासाठी वकिलाचे दोन तास खर्च करण्यापेक्षा ते गाणं न ठेवणं कंपनीला स्वस्त पडतं. व्यापार म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण जे काम व्यापाराला परवडत नाही ते सार्वजनिक संस्थांकडे जातं. संगीताच्या बाबतीतच ते अडलेलं आहे.

कंपनीच्या कपाटात मूळ टेप सुखरूप असेल, हा भरवसाही ठेवू नये. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली, तिच्यात मास्टर टेप जळाल्या, आणि त्या नुकसानीची व्याप्ती जाहीर चर्चेत यायला २०१९ साल उजाडलं. नेमकं किती गेलं यावर अजून वाद आहे. पण काय होतं आणि काय नाही याची पक्की यादी नसल्याशिवाय असा वाद होत नाही. १९९०च्या दशकातली सिंगलची मिश्रणं बऱ्याचदा डॅट या छोट्या डिजिटल कॅसेटवर उतरवली जात. डॅटची पट्टी चार मिलिमीटरहूनही अरुंद. तिच्यावरचा एखादा भाग खराब झाला की आवाज हळूहळू मळत नाही, थेट तुटतो. सोनीने डॅट यंत्रं बनवणं २००५मध्ये थांबवलं. याउलट कारखान्यात छापलेली सीडी म्हणजे कारखान्यात पोहोचलेल्या मास्टरची बिट-न्-बिट तीच प्रत, आणि अशा हजारो प्रती लोकांच्या घरांत विखुरलेल्या. एकाच कपाटातल्या एका टेपपेक्षा ही सुरक्षित व्यवस्था आहे. ती कोणी ठरवून केलेली नाही, एवढंच.

आता चकतीच हातात घेऊन पाहू. सीडी आतून बाहेर वाचली जाते. संगीताची नोंद केंद्रापासून २५ मिलिमीटरवर सुरू होते आणि ७४ मिनिटांच्या भरगच्च अल्बममध्ये ५८ मिलिमीटरपर्यंत पोहोचते. १८ मिनिटांची सिंगल मात्र साधारण ३६-३७ मिलिमीटरवरच संपते. दिव्याखाली चकती तिरकी धरली, की हे डोळ्यांना दिसतं. आतल्या सुमारे बोटभर पट्ट्यात इंद्रधनुष्य खेळतं, कारण तिथे संगीत साठवणाऱ्या सूक्ष्म खळग्यांची गुंडाळी आहे. त्याच्या बाहेर नुसता स्वच्छ आरसा. हा रिकामा आरसा सिंगलचं चिलखत आहे. हाताळताना बोटं लागतात ती कडेला, घासली जाते ती कड, आणि बरेच बिघाडही कडेपासून सुरू होतात.

त्यांतला सगळ्यात माहितीचा बिघाड म्हणजे कांस्यरोग. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान छापलेल्या काही सीडींवरचं लाखेचं संरक्षण कमी पडलं. पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाने आतल्या चांदीच्या थराशी प्रक्रिया केली आणि चकती कडेपासून तांबूस-तपकिरी होत आत सरकू लागली. अशा अल्बमचे शेवटचे ट्रॅक आधी जातात, चरचर करत. त्याच काळातली, त्याच कारखान्यातली सिंगल कडेला तांबूस झाली असली तरी आतलं संगीत शाबूत असू शकतं. तेव्हा रंग पाहून टाकून देऊ नका. केंद्राजवळच्या पारदर्शक कड्यावर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असं दिसलं तर मात्र ती चकती आधी उतरवून घ्या, बाकीच्या नंतर. तांबूसपणा आत सरकत राहतो, थांबत नाही.

ओरखड्यांबद्दल समज बरोबर उलटा आहे. लोक चकाकणारी बाजू जपतात आणि चित्राची बाजू टेबलावर टेकवतात. चकाकत्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आहे. तिथला ओरखडा संगीतापासून दूर असतो आणि घासून काढता येतो. चित्राच्या बाजूला मात्र संगीताच्या थरावर लाखेचा केसाहूनही पातळ पापुद्रा. तिथे खरवडलं की धातूच निघतो, आणि निघालेलं परत येत नाही. चकती उजेडासमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला धातू गेलेला आहे. थोडे ठिपके चालतात, कारण सीडीच्या चूक-दुरुस्तीत सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग तूट भरून काढायची सोय आहे. पुसायची तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड, आणि हात केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं की ओरखडा गुंडाळीच्या दिशेनेच पडतो आणि सलग नोंद खातो. सिंगलच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात चकती सरकवताना-काढताना कागदाची धूळच काचकागदासारखं काम करते, म्हणून ती आतल्या मऊ पिशवीत घालून मग पाकिटात ठेवावी. जपानमधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या सिंगल फक्त ट्रे असलेल्या यंत्रात लावाव्यात, ट्रेच्या मधल्या छोट्या खळग्यात. फटीतून चकती ओढून घेणाऱ्या यंत्रात ती अडकते.

उतरवून घेणं, म्हणजे रिप करणं, हे काम दिसतं तितकं सरळ नाही, आणि बहुतेक संग्रह इथेच बिघडतात. साधा प्लेअर प्रोग्राम न वाचता आलेला भाग शेजारच्या नमुन्यांवरून, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजमापांवरून, अंदाजाने भरतो आणि काही बोलत नाही. फाइल तयार होते, चूक आत राहते. म्हणून सुरक्षित पद्धतीने वाचणारा प्रोग्राम हवा: विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा क्यूरिपर, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. आधी ड्राइव्हचा ऑफसेट बसवायचा. प्रत्येक जातीची ड्राइव्ह वाचायला काही नमुने अलीकडे-पलीकडे सुरुवात करते; कित्येकींचा ऑफसेट +६ आहे, काहींचा +६६७. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना हे कानाला कळत नाही, पण तुमची प्रत आणि दुसऱ्या कोणाची प्रत बिट-न्-बिट जुळते का हे तपासायचं तर दोघांची सुरुवात एकाच जागी लागते. ड्राइव्हची कॅश, म्हणजे तात्पुरती आठवण, बंद करायची किंवा टाळायची, नाहीतर दुसऱ्यांदा वाचताना चकतीऐवजी आठवणीतलंच परत मिळतं आणि तपासणी फसवी ठरते.

ॲक्युरेटरिप हे अशा जुळणीचं सामायिक कोठार. गाजलेल्या अल्बमच्या शेकडो नोंदी तिथे सापडतात. १९९३च्या एखाद्या सिंगलची मात्र एखादीच असते, कधी एकही नाही. त्या वेळी प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचावा आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या बनावटीच्या ड्राइव्हवर. चारही वेळा चेकसम, म्हणजे सगळ्या बिटांवरून काढलेली पडताळणीची बेरीज, तीच आली तर प्रत विश्वासाची. नोंद असेल आणि तुमच्या चकतीत थोड्याच चुका असतील, तर क्यूटूल्स या प्रोग्रामच्या कोठारात दुरुस्तीची माहितीही असते, तिच्यावरून हरवलेले बिट परत बसवता येतात. फाइल फ्लॅक या काहीही न गाळता आवाज आटोपशीर करणाऱ्या प्रकारात ठेवा. १८ मिनिटांच्या सिंगलचा कच्चा आवाज सुमारे १९० मेगाबाइट होतो, फ्लॅकमध्ये तो साधारण ११० ते १३०वर येतो आणि एक बिटही जात नाही. एमपी३ खिशात ऐकायला ठीक, जपायला नाही. रिप करताना प्रोग्राम जोडीला बनवतो त्या लॉग आणि क्यू फाइल फेकू नका. ट्रॅकमधल्या जागांचं मोजमाप त्यातच असतं.

या जागांत कधी कधी गाणंही असतं. पहिल्या ट्रॅकच्याही आधीच्या जागेत लपवलेलं, ट्रॅक एकपासून मागे रेटत गेल्यावरच सापडणारं. ॲश या बँडच्या ‘१९७७’ अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींत असं आहे, ब्लरच्या २००३च्या ‘थिंक टँक’मध्येही. साधा प्रोग्राम ही जागा पाहतच नाही, आणि काही ड्राइव्ह तिथे नुसती शांतता परत देतात. प्रोग्रामने पहिल्या ट्रॅकआधी दोन सेकंदांहून मोठी जागा दाखवली, की शंका घ्यायची आणि तो भाग वेगळा वाचून घ्यायचा. १९९५नंतरच्या अनेक सिंगलवर संगणकासाठी व्हिडिओचं दुसरं सत्रही, म्हणजे वेगळा नोंदवलेला भागही, असे. ध्वनीच्या सत्रानंतर ११,४०० सेक्टर, म्हणजे १५२ सेकंदांची रिकामी मजल, आणि मग फाइली. संगीत रिप केल्याने हे येत नाही. त्या सत्राची वेगळी प्रतिमा काढावी लागते. आतली जुनी क्विकटाइम व्हिडिओ फाइल आजच्या संगणकावर उघडली नाही तरी ती आहे तशीच ठेवा आणि उघडेल असं रूपांतर शेजारी ठेवा. शेवटी मुखपृष्ठ, पाठ, पुस्तिका ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि केंद्राजवळच्या कोरीव क्रमांकांचा फोटो घ्या. त्यावरून कोणत्या कारखान्यातली, कोणती छपाई ते ठरतं. १९९४पासून त्यात आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारखाना-संकेतही असतो.

एवढा खटाटोप कशाला, रीमास्टर, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने संस्कार करून काढलेली आवृत्ती, आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तुलना करून पाहावी, पण नीट. रीमास्टर बहुधा मोठ्या आवाजात केलेलं असतं, आणि एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरकही कानाला ‘जास्त चांगलं’ वाटतो. आधी दोन्ही फाइलींची सरासरी पातळी रीप्लेगेन या आवाज जुळवणाऱ्या सोयीने एकसारखी करा, मग ऐका. स्ट्रीमिंग सेवा तसंही सगळं एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक). म्हणजे दाबून मोठा केलेला आवाज तिथे पुन्हा खाली ओढला जातो, हाती उरतो तो फक्त चेपलेपणा. स्नेअर ड्रमचा फटका आणि त्याच्या मागचा नाद यांतलं अंतर ऐका. जुन्या सिंगलवर फटका वेगळा उभा राहतो. चेपलेल्या रीमास्टरमध्ये तो भिंतीत चिणलेला असतो. सगळी रीमास्टर वाईट नसतात, काही मूळ प्रतीहून सरस आहेत. पण मूळ प्रत समोर असल्याशिवाय हे ठरवणार कसं?

आता मागण्यांकडे. ब्रिटनमध्ये २००३च्या कायद्याने पुस्तक, नियतकालिक, नकाशा प्रकाशित झाला की त्याची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणं बंधनकारक आहे. निव्वळ ध्वनिमुद्रण त्यातून वगळलेलं आहे. ब्रिटिश लायब्ररीचा ध्वनिसंग्रह मोठा आहे, पण तो कंपन्यांनी स्वखुशीने दिलेल्या आणि विकत घेतलेल्या प्रतींवर उभा आहे. जर्मनीत हे काम कायद्याने होतं. १९७०मध्ये स्थापन झालेलं आणि आज लाइपझिगला असलेलं जर्मन संगीत संग्रहालय प्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या प्रती हक्काने मागतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही तसंच. ज्या देशाने गेल्या साठ वर्षांत जगाला सर्वांत जास्त बँड दिले त्यांपैकी एक ब्रिटन, आणि तिथेच ही सक्ती नसावी, हे मला पटत नाही. जुन्यासाठी ती मागे नेता येणार नाही. पण ग्रंथालयाने हव्या असलेल्या सिंगलची यादी जाहीर करावी आणि खाजगी संग्राहकांकडून प्रती घ्याव्यात, इतकं तरी लगेच करता येईल. २०१४पासून तिथल्या ग्रंथालयांना आपल्या कायम संग्रहातल्या ध्वनिमुद्रणाची जतनासाठी प्रत काढायला परवानगी आहे. अडतं ते चकती संग्रहात येण्यापाशी.

संग्राहकाची स्थिती तर अधिकच अडचणीची. ब्रिटनमध्ये स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढण्याची मुभा ऑक्टोबर २०१४मध्ये मिळाली आणि जुलै २०१५मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण हक्कधारकांना भरपाई न देण्याचा निर्णय सरकारने पुरेशा पुराव्याशिवाय घेतला होता. म्हणजे वर सांगितलेलं सगळं काळजीपूर्वक केलेलं काम तिथे काटेकोर अर्थाने बेकायदा आहे. जो माणूस तांबूस होत चाललेली चकती वाचवतो त्याला कायद्याने चोर ठरवू नये. ती मुभा परत आणावी आणि भरपाईचा प्रश्न रीतसर सोडवावा. युरोपातल्या अनेक देशांनी कोऱ्या माध्यमांवर आणि उपकरणांवर छोटी आकारणी लावून तो सोडवलेलाच आहे.

कंपन्यांकडूनही फार मोठं काही मागायचं नाही. सिंगल स्ट्रीमिंगवर ठेवायची तर सिंगल म्हणून ठेवा: मूळ क्रम, मूळ मुखपृष्ठ, मूळ तारीख. सिंगलसाठी कापलेल्या रूपाच्या जागी अल्बममधलं रूप घालू नका. दोन रूपांना आयएसआरसी हा ओळखक्रमांक वेगवेगळा असायला हवा; तो एकच लावला, की यंत्र दोन्ही एकच समजतं आणि एक रूप यादीतून कायमचं गायब होतं. ज्या ट्रॅकचा करार सापडत नाही तिथे तो ट्रॅक गुपचूप गाळू नका, ‘हक्कांअभावी नाही’ असं लिहा. निदान तिथे काहीतरी होतं हे तरी कळेल.

यावरचा एकच आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो: कलाकारालाच एखादं गाणं नको असेल तर? निर्व्हानाची ‘पेनीरॉयल टी’ ही सिंगल १९९४मध्ये गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर मागे घेतली गेली आणि छापलेल्या प्रती नष्ट केल्या गेल्या, थोड्या निसटल्या. तिथे कारण दुःखाचं होतं आणि ते मानायलाच हवं. पण मागे घेणं आणि पुसून टाकणं या दोन गोष्टी आहेत. जतनाची प्रत ग्रंथालयात असावी, ऐकवायची की नाही हे कलाकाराने किंवा त्याच्या वारसांनी ठरवावं. त्याच सिंगलचं गाणं वीस वर्षांनी, २०१४मध्ये, तबकडीवर पुन्हा निघालं. सगळंच नष्ट झालं असतं तर तो निर्णय घ्यायला काही उरलंच नसतं.

राहिला कायद्यातला तो एक कलम, ज्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. युरोपीय संघाने २०११मध्ये ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षांवरून ७०वर नेला, आणि तेव्हा कलाकारांसाठी एक सोय ठेवली, जी ब्रिटनच्या कायद्यातही आहे. ५० वर्षांनंतर कंपनी ते मुद्रण पुरेशा प्रमाणात विकत नसेल किंवा ऑनलाइन देत नसेल, तर कलाकार नोटीस देऊ शकतो. वर्षभरात कंपनीने ते उपलब्ध केलं नाही तर हक्क कलाकाराकडे परत येतो. विचार अगदी योग्य आहे, मुदत मात्र चुकलेली आहे. फेब्रुवारी १९९४च्या सिंगलसाठी ही खिडकी २०४४ संपल्यावर उघडते. तेव्हा ती सिंगल दुकानात जाऊन घेणारा वीस वर्षांचा श्रोता सत्तरीचा असेल, बँड असेल-नसेल, आणि ब्लॅकबर्नची चकती तर नक्कीच तांबूस झालेली असेल. ही मुदत ५०ऐवजी १५ वर्षं करा. कंपनीला पैसे मिळवायचे असतील तर १५ वर्षं पुष्कळ आहेत. आणि नसतील मिळवायचे, तर ‘द लिव्हिंग डेड’सारखी गाणी ज्यांनी वाजवली त्यांनाच ती परत देता येतील, ते वाजवू शकतात तोवर.